मी जुळवलेला पियानो

माझा कान चांगला आहे. हे मी स्वतःच सांगतोय म्हणून फुशारकी समजू नका. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या भजनी मंडळात कुणालाही विचारा. तबला केसभर उतरला तरी पाठमोरा बसूनही मला कळतं, आणि कळलं की मी गप्प बसत नाही, हेही ते सांगतील. आमचा तबलजी दोनदा रुसून घरी गेला आहे. बायको म्हणते, "देवानं तुमचा कान घडवला तेव्हा जिभेकडे लक्षच नाही दिलं."

पेटी मी वडिलांकडून शिकलो. ते वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले तेव्हा एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात पेटी. वाजवता वाजवता मी ती दुरुस्तही करायला लागलो. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा असतात. सूर चढवायचा तर जिभेचं टोक घासायचं, उतरवायचा तर मूळ. हात हलका पाहिजे, बाकी सगळं कानाचं काम. आमच्या पाऱ्यातल्याच, म्हणजे मोहल्ल्यातल्याच, नव्हे तर भिलाई-दुर्गपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या माझ्या ओट्यावर उघड्या पडलेल्या असायच्या.

गायकाची पेटी जुळवायची म्हणजे काय, हे इथं सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. गायकाचा सा एकदा ठरला की बाकीचे सूर त्या सा-शी गोड लागतील तिथं नेऊन बसवायचे. दुकानातून आलेल्या नव्या पेटीत तसं नसतं. तिच्यात कुठल्याही पट्टीला सा धरता यावा म्हणून प्रत्येक सूर थोडा थोडा खोटा ठेवलेला असतो. गंधार तर चांगलाच चढा. मला ही तडजोड कधीच सहन झाली नाही. नवी पेटी आली की मी ती उघडून बसायचो आणि तिला खरं बोलायला लावायचो, एका सा-पुरतं का होईना.

मुलीचा कान माझ्याहून चांगला निघाला. आठव्या वर्षी तिला व्हायोलिन आणून दिलं आणि आपल्या पद्धतीनं खाली मांडी घालून बसवलं. वर्षभर ठीक चाललं. मग रेल्वेच्या बँडमधून निवृत्त झालेले एक सर घरी आले, तिचं वाजवणं ऐकलं आणि म्हणाले, "बच्ची को खड़ा कीजिए." ती उभी राहिली ती परत बसली नाही. सरांनी तिला कागदावरून वाचून वाजवायला शिकवलं. ते आता नाहीत, पण जाताना माझी मुलगी सोबत घेऊन गेले असं मी रागाच्या भरात बायकोला अनेकदा म्हटलं आहे. आम्ही घरात मराठी बोलतो आणि ती हिंदीत उत्तर देते, हे रायपुरातल्या आमच्या सगळ्याच घरांत चालतं. त्याचं मी मनाला लावून घेत नाही. पण सुरांच्या बाबतीतही मी एक बोलतो आणि ती दुसरंच ऐकते, हे मात्र मला लागत होतं.

ती वीस वर्षांची झाली तेव्हा तिनं ठरवलं, दक्षिणेतल्या एका संगीतशाळेत जायचं. तिथं परदेशातले शिक्षक होते आणि व्हायोलिनच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वयाची अट होती, ती त्याच वर्षी संपत होती. प्रवेशासाठी व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेला एक अख्खा सोनाटा, म्हणजे अनेक भागांची लांब रचना, वाजवून, त्याचं चित्रीकरण करून पाठवायचं होतं. सोनाटा आजच्या काळातला हवा, पियानो खरा हवा, विजेवर चालणारा कीबोर्ड नको, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत कुठंही न कापता एका बैठकीत वाजवलेला हवा. मुलीनं नियम मला वाचून दाखवले आणि म्हणाली, "बाबा, एक ही मौका है." मी म्हटलं, "मग काय झालं? आपण कोणाले भ्यायचं?"

सोनाटा कुणा परदेशी माणसाचा होता. माणूस अजून हयात होता, नाव मात्र माझ्या जिभेला वळलं नाही. सुरुवातीला पियानो एकच सूर ठोकत राहतो, दार उघडत नाही म्हणून कुणी ठोकत राहावं तसा. मग व्हायोलिन येतं, आणि ते येतं त्याच्या अगदी लगतच्या सुरावर. लगतच्या! दोन सूर एकमेकांना नखं लावत पानभर चालतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चहा खाली ठेवला.

"काहून गं, चुकून राहिली का तू?"

"नहीं बाबा, ऐसा ही लिखा है."

"मंग लिहिणाऱ्याचं चुकलं."

ती हसली. मी हसलो नाही. मला खरंच वाटत होतं की कुणीतरी या पोरीला फसवतंय.

तरी मी प्रयत्न केला. माझं ऑफिस तेव्हा नव्या रायपूरला हलवलं होतं आणि जाता-येता तासभर बसमध्ये जायचा. दोन्ही बाजूंना रुंद मोकळे रस्ते, चौकाचौकात कुणासाठी लागलेत ते न कळणारे सिग्नल. मुलीनं तो सोनाटा माझ्या मोबाइलमध्ये घालून दिला होता. मी कानात इअरफोनच्या गोळ्या घालून तो रोज ऐकायचो. कुठं सा सापडतो का बघायचो. एखादा सूर धरून बसलो की दोन ओळींत तो पायाखालून निघून जायचा. तीन महिने ऐकूनही मला त्यातली एक ओळ गुणगुणता आली नाही. भजनाची चाल मी एकदा ऐकली की घरी येऊन वाजवतो, आणि इथं माझ्याच पोरीचं वाजवणं बरोबर की चूक हे मला कळत नव्हतं. ती मधेच थांबायची, तोंड वाकडं करायची, तेवढ्यावरून मी समजायचो की काहीतरी चुकलं असावं.

पियानो वाजवायला दीदी होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सगळं रायपूर पालथं घातलं तरी कागदावरून असलं वाजवू शकणारं दुसरं माणूस सापडलं नसतं. त्यांना सोनाटा बसवायला सात महिने लागले. बोटं दुखायची, मग गरम पाण्याच्या पातेल्यात हात घालून बसायच्या आणि परत वाजवायच्या. पियानो चर्चच्या मागच्या हॉलमध्ये होता, जुना, काळा, भिंतीला टेकवलेला. पूर्वी कोलकात्याहून एक कारागीर दरवर्षी यायचा आणि तो जुळवून जायचा. मग येणं बंद झालं. आता एकेका सुराच्या तीन-तीन तारा तीन तोंडांनी बोलत होत्या. दीदींना वयामुळे ते फारसं ऐकू येत नसे. मुलीला मात्र रोज ते ऐकत वाजवावं लागायचं.

तिनं कुठूनतरी त्या कारागिराच्या मुलाचा नंबर मिळवला. तोही हेच काम करत होता. शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी यायचं त्यानं कबूल केलं. फोनवर मीच बोललो होतो. बोलता बोलता मी सांगितलं की मी पेट्या जुळवतो, तेव्हा तो म्हणाला, "दादा, एक मेहरबानी कीजिए. हारमोनियम वालों को उससे दूर रखिएगा." फोन ठेवला तेव्हा माझे कान लाल झाले होते. बायकोनं विचारलं तर म्हटलं, काही नाही.

त्याच्या येण्याच्या थोडे दिवस आधी नागपूरला बायकोच्या भाचीचं लग्न निघालं. सासुरवाडीच्या लग्नात मला ऑफिसचं काम आठवतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मायलेकी गेल्या. मी मागं राहिलो. दुसरा शनिवार, रविवार आणि सोमवारची सरकारी सुट्टी असे तीन दिवस लागून आले होते.

शनिवारी सकाळी मी दीदींकडे गेलो आणि म्हटलं, मी बघतो पियानो. त्यांनी विचारलं, "आप कर लेंगे भैया?" मी म्हटलं, "हव." त्यांनी विश्वासानं हॉलची किल्ली हातावर ठेवली.

पियानोच्या तारा ताणणाऱ्या खुंट्या चौकोनी डोक्याच्या असतात. गोल बाजारात हिंडून मी त्या मापाचा पाना मिळवला, तो नीट बसेना म्हणून एका लेथवाल्याकडून आतून घासून घेतला. एका वेळी एकच तार वाजावी म्हणून बाकीच्या दोन तारांत काहीतरी खुपसावं लागतं. त्यासाठी मी जुन्या रबरी चपलेच्या पाचरी कापल्या. आणि बसलो. खोटं कशाला सांगू, ते तीन दिवस मी जितका सुखात होतो तितका त्या वर्षात कधीच नव्हतो. सात महिने ज्या गोष्टीत मला कुणी जवळ केलं नव्हतं तिच्यात आता माझे हात कोपरापर्यंत होते. पांढरी एक सा धरली आणि एकेक सूर तिच्याशी जुळवत गेलो. पंचम लागला. मध्यम लागला. गंधार खाली आणला, आणखी थोडा खाली, आणि तो असा शांत बसला की मी एकटाच 'वा' म्हणालो. डबा उघडायचंही भान राहिलं नाही. सोमवारी दुपारपर्यंत मधली चार सप्तकं झाली.

संध्याकाळी दीदी आल्या. त्यांनी एक प्रार्थनागीत वाजवलं, साधं, पांढरी एक मधलं. हॉल भरून गेला. एरवी कान देऊन ऐकावं लागणाऱ्या दीदी मधेच थांबल्या, चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसले. "भैया, बीस साल में ये ऐसा नहीं बजा." मी चपलेच्या पाचरी गोळा करत होतो.

घरी येऊन मी पहिलं काम काय केलं, तर कोलकात्याला फोन लावला. म्हटलं, यायची गरज नाही, काम झालं. तो म्हणाला, "किसने किया?" मी माझं नाव सांगितलं आणि वर म्हटलं, "हारमोनियम वाले ने." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आमच्यासाठी राखलेले दिवस त्यानं लगेच जमशेदपूरच्या एका लांबलचक कामाला देऊन टाकले.

मंगळवारी मुलगी आली. मी तिला काही न सांगता हॉलवर घेऊन गेलो. ऑफिसला दांडी मारली होती. तिचं तोंड बघायचं होतं मला. दीदींनी सुरुवात केली, तो एकच सूर, ठोक, ठोक, ठोक. स्वच्छ. मुलीनं चमकून पियानोकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तेवढा एक क्षण मला मिळाला. मग व्हायोलिन आलं. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत तिनं गज उचलला.

"दीदी, एक बार यहाँ से." परत वाजलं. परत थांबली. व्हायोलिन खाली ठेवून ती पियानोजवळ गेली आणि काळी तीन वरून तीन सूर एकत्र दाबले. मग पांढरी तीन वरून. ते मलाही ऐकू आलं. दोन कुत्री एका गल्लीत आल्यासारखे सूर एकमेकांवर गुरगुरत होते. मग तिनं पांढरी एक वरून तेच तीन सूर दाबले. गोड, काल जे ऐकून दीदी रडल्या होत्या तसे.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, आपने इसको ट्यून किया?"

"हव. काहून?"

"एक ही सा पे किया है."

"मंग किती सा-वर करतात?"

ती खाली बसली. म्हणाली, "इसमें सा नहीं है बाबा. ये हर दो लाइन में घर बदलता है. इसीलिए तो सबको थोड़ा-थोड़ा ग़लत रखते हैं, ताकि कोई घर बहुत ग़लत न हो."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. आयुष्यभर हीच तडजोड मी पेट्यांमधून घासून काढत आलो होतो. ती कशासाठी असते हा विचार मात्र डोक्यात शिरला नव्हता, कारण सा नसलेलं गाणं असू शकतं हेच मला पटलेलं नव्हतं. त्या वेळी मी हे काही म्हणालो नाही. मी म्हणालो, "आधी तरी काय धड होता?" आणि ते म्हणताना माझा आवाज चढला होता. दीदी उगीच कागद सरळ करत राहिल्या. मुलगी भांडली नाही. तिनं भांडायला पाहिजे होतं.

मग धावपळ सुरू झाली. कोलकात्याला फोन लावला, पाया पडायचंच बाकी ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, जमशेदपूरचं काम अर्धं सोडता येणार नाही, शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांनी येतो. शेवटच्या तारखेनंतर येऊन काय उपयोग? शहरातल्या एका बड्या माणसाच्या बंगल्यात पियानो आहे असं कळलं. दोनदा गेलो, दोन्ही वेळा गेटवरच्या माणसानं साहेब बाहेर आहेत असं सांगितलं. नागपुरात पियानो मिळाला असता, पण दीदींचे गुडघे रेल्वेच्या पायऱ्या चढण्यासारखे नव्हते आणि त्यांच्याशिवाय वाजवणार कोण?

शेवटी मीच परत पाना घेतला. मुलीकडे सूर मोजायचं छोटं यंत्र होतं, व्हायोलिनसाठीचं. ती यंत्र बघणार आणि सांगणार, मी खुंटी फिरवणार. गंधार वर घ्यायचा होता. मी फिरवला, काटा मधोमध आला, हात काढला आणि तार डोळ्यांदेखत खाली घसरली. परत फिरवला, परत घसरली. खुंट्या धरणाऱ्या त्या जुन्या लाकडानं पकड सोडली होती. तीन दिवसांत मी प्रत्येक खुंटी दहादा मागे-पुढे केली होती. तिसऱ्या सुराला तार तुटली. आवाज काही फार मोठा झाला नाही. मुलगी म्हणाली, "बस बाबा. अब मत छुइए." तिचा आवाज रागाचा नव्हता, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडताना थांबवावं तसा होता. मी पाना पिशवीत टाकला. त्यानंतर माझ्या हातात करण्यासारखं काहीही उरलं नाही.

पुढचे पाच दिवस ती एकटीच हॉलवर जात होती. एका कागदावर तिनं पियानोचा एकेक सूर लिहून काढला, कुठला किती वर, कुठला किती खाली. मग सोनाट्याच्या वहीत प्रत्येक सुराच्या डोक्यावर पेन्सिलीनं बाण काढले. पियानो जिथं वाकडा तिथं तिनं तेवढंच वाकडं वाजवायचं, म्हणजे दोघं मिळून सरळ वाटतील. पियानोला आता हलता येत नव्हतं, व्हायोलिनला येत होतं. वीस मिनिटांचा सोनाटा, आणि बोटानं सात महिने पाठ केलेली प्रत्येक जागा सोडून द्यायची. मी बायकोला म्हटलं, "तिले म्हणा राहू दे, पुढच्या वर्षी पाहू." बायको म्हणाली, "पुढच्या वर्षी वय निघून जाते, तुम्हाले माहीत आहे ना?" माहीत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो होतो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी दीदींच्या वहीची पानं उलटायला मी उभा राहिलो. दीदी मान हलवतील तेव्हा उलटायचं, एवढंच माझं काम. मुलगी माझ्यापासून चार हातांवर उभी होती. तिच्या डाव्या हाताची बोटं मला दिसत होती. एखाद्या सुरावर बोट पडायचं आणि पडल्या पडल्या किंचित मागं सरकायचं, किंवा पुढं. प्रत्येक सुरावर. माझ्या प्रत्येक सुरावर. मधला संथ भाग होता, त्यात पियानो आणि व्हायोलिन एकच सूर लांब धरतात. तिनं तो धरला, तिचं बोट किंचित मागं सरकलं, मग तो माझ्या गंधाराला जाऊन असा चिकटला की फट राहिली नाही. मला वाटत होतं मोठ्यानं ओरडावं की थांबवा हे, चूक माझी आहे. पण न कापता एका बैठकीत वाजवायचं होतं. मी पान उलटलं.

संपलं तेव्हा दीदींनी तिला जवळ घेतलं. घरी आल्यावर तिनं ते पाठवलं, शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी. आठवडाभर मी मनात एकच घोकत होतो: कदाचित त्यांना कळेल. एवढे मोठे लोक, इतका तयार कान, त्यांना कळणार नाही का की पियानो कसा आहे आणि पोरगी काय करते आहे?

उत्तर पाच आठवड्यांनी आलं. मी ऑफिसच्या बसमध्ये असताना तिनं फोन करून वाचून दाखवलं. चार ओळी होत्या. वाजवण्यात समज आहे, गजावर ताबा आहे. पण स्वरस्थानं भरवशाची नाहीत, डावा हात वारंवार जागा शोधताना दिसतो. या टप्प्यावर प्रवेश देता येत नाही.

मी भर बसमध्ये ओरडलो, "मी त्यांना पत्र लिहितो!" लोकांनी वळून पाहिलं. घरी येऊन बूट न काढता कागद घेऊन बसलो. लिहिलं की पियानो मी बिघडवला, मी तिचा बाप, मी पेट्या जुळवणारा माणूस, तिचा हात जागा शोधत नव्हता, माझ्या चुका झाकत होता. चांगलं दीड पान लिहिलं. मुलीनं ते वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं.

"रहने दीजिए बाबा."

"काहून राहू देऊ? तुझी चूक नाही आहे हे त्यांना समजलं पाहिजे."

"फ़ॉर्म में मैंने ही लिखा है कि पियानो मैंने चुना."

मी ती घडी खिशात घातली. अपील करायची सोय नव्हती, ते उत्तरातच लिहिलं होतं. आयुष्यभर सरकारी फायली सांभाळलेल्या माणसाला एवढं तरी कळतं की बंद झालेली फाइल कशी दिसते.

त्यानंतर तिनं बरेच दिवस व्हायोलिन उघडलं नाही. मग तिनं इथल्याच एका शाळेत मुलांना शिकवायला सुरुवात केली. घरातही थोडंफार वाजवायला लागली, पण सोनाटा नाही. तो विषय आम्ही कुणी काढत नव्हतो, आणि जेवताना तिघांनी मिळून एक विषय न काढणं हे फार कष्टाचं काम असतं. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. एका रविवारी सकाळी मी म्हटलं, "पोट्टे, एक सांगशील? तू किती वाकडं वाजवलं होतं? मले खरंच समजून घ्यायचं आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उठून व्हायोलिन काढलं, तारा लावल्या. "मधल्या भागातली एकच ओळ वाजवते, दोनदा," असं तिनं हिंदीत सांगितलं. "एकदा जशी लिहिली आहे तशी, एकदा जशी तिथं वाजवली तशी. कुठली कुठली ते सांगणार नाही. आप बताइए, सही कौन सी है."

मी डोळे मिटले. पहिल्यांदा वाजवलं. दुसऱ्यांदा वाजवलं. फरक अगदी केसाएवढा होता, पण होता, आणि तो मला ऐकू आला. दुसऱ्या वेळी तो लांब धरलेला सूर असा निवांत बसला की माझी मान आपोआप हलली. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच मला या सोनाट्यातलं काहीतरी कळलं होतं. मी डोळे उघडून म्हटलं, "दुसरी. दुसरी एकदम बरोबर आहे."

तिनं गजाचा स्क्रू सैल केला, व्हायोलिन त्याच्या पेटीत ठेवलं आणि वर कापड टाकलं.

"दूसरी वाली ही भेजी थी, बाबा," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.